दिवाडीच्या फेरीत, रिकाम्या पट्टीसह

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडी बेटाच्या फेरीबोटीत चढलो, तेव्हा मांडवी पावसाने गढूळ झाली होती. सेंट ऑगस्टिनचा मोडका मनोरा पाहून नुकताच खाली आलो होतो. एकेकाळचं हे भरलेलं शहर हिवताप आणि पटकीने ओस पाडलं. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने पणजीला मुक्काम हलवला, १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली. हे सगळं शाळेत शिकलो होतो, पण त्याची धग आता कळली.

गेल्या चवथीला पणजीत मळा भागात मावशीकडे होतो. शेजारी इमारतीचं काम चालू, टाक्यांत पाणी साठलेलं. रात्री भिंतीवर एक डास दिसला, डोकं भिंतीकडे आणि शेपूट तिरपं वर. हिवताप पसरवणारा अ‍ॅनोफिलीस डास असाच बसतो. त्याची मादीच चावते.

चावताना तिच्या लाळेतून हिवतापाचे सुतासारखे लांबट परजीवी कातडीत उतरतात, जेमतेम काही डझन. तिथे ते वळवळत फिरतात आणि केशवाहिनी सापडली की रक्तात शिरतात. काही तासांत यकृत गाठतात. तिथल्या पहारेकरी पेशींमधूनच वाट काढून यकृतपेशीत बसतात, आणि एकाचे हजारो होतात. एवढं घडत असताना माणसाला काहीच जाणवत नाही. मीही तेराव्या दिवसापर्यंत कोल्हापुरात खुशाल होतो.

मग हुडहुडी भरली. यकृतातून सुटलेले परजीवी तांबड्या पेशींत शिरतात, आत वाढतात, पेशी फोडून बाहेर पडतात. मला झालेल्या व्हायव्हॅक्स या प्रकारच्या हिवतापात हा फेरा ४८ तासांचा, म्हणून एक दिवसाआड थंडी.

क्लोरोक्विनने तीन दिवसांत ताप उतरला. यकृतातल्या परजीवींसाठीचं प्रिमाक्विन चौदा दिवस घ्यायचं होतं, मी पाचव्या दिवशी सोडलं. ही चूक माझीच. व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात न वाढता निजून राहतात, आणि क्लोरोक्विन त्यांना शिवतही नाही. मे अखेरीस, डास न चावता, तीच हुडहुडी पुन्हा आली.

या खेपेला मावशीने रोज स्वतः मोजून गोळी दिली. "ताप गेला म्हणून औषध सोडायचं नसतं रे बाबा," म्हणायची. आज सकाळी उकड्या तांदळाची पेज संपवायला लावली आणि मगच चौदावी गोळी हातावर ठेवली.

फेरी दिवाडीला लागली. गोळ्यांची रिकामी पट्टी खिशात नीट घडी करून ठेवली, डॉक्टरांना दाखवायची आहे.