ह्यात आपलं कोण?

23 ऑगस्ट 2025, रात्र

झोप येत नाही म्हणून लिहायला बसले. ड्युरँड कपची, फुटबॉलची, फायनल संध्याकाळीच आटोपली. नॉर्थईस्ट युनायटेडनं डायमंड हार्बरला 6-1 असं धुतलं. खरं तर त्या निकालाशी माझं काही देणंघेणं नाही, आणि नेमकं तेच टोचतंय.

मध्यंतराला 2-0 होतं. गणपती चार दिवसांवर आलेत, त्यामुळे चिन्मयी खाली बसून मखराच्या पुठ्ठ्याला सोनेरी कागद चिकटवत होती. बोटांवर वाळलेल्या फेविकॉलची सालं ओढून काढता काढता तिनं मान वर न करता विचारलं, "आत्या, ह्यात आपलं कोण?"

तोंड उघडलं, पण उत्तर आलं नाही. शेवटी म्हटलं, "कोणी नाही गं, असंच बघतेय." ती म्हणाली, "मग बघतेस कशाला?" आणि परत कागदात शिरली.

कशाला बघते मी? मुंबईचं कुणी फायनलला नव्हतंच, पण अख्ख्या स्पर्धेतही नव्हतं. सामने कोलकात्याला, जमशेदपूरला, शिलाँगला, कोक्राझारला, इम्फाळला. कोक्राझारच्या पोरांना घराजवळ ड्युरँड बघायला मिळतो ह्याचा आनंदच आहे, मनापासून. पण आपल्याकडे काय उरलं? रोव्हर्स कप होता. 1891 पासून चाललेला, कूपरेजच्या मैदानावरचा, आपल्या हक्काचा. 2000-01 च्या हंगामानंतर तो झालाच नाही. महिंद्रा युनायटेडची टीम होती. 1998, 2001, 2008, तीनदा ड्युरँड मुंबईत आणला त्यांनी. 2010 ला ती टीमही बंद झाली. 2022 ला मुंबई सिटी फायनलला गेली आणि बेंगळुरूकडून 2-1 नं हरली. त्या रात्री जेवण गेलं नव्हतं. आज मात्र सहा गोल बघूनही पोटभर जेवले. हे जास्त वाईट वाटतंय.

बाबा असते तर त्यांना विचारलं असतं. असो.

ड्युरँडची गोष्ट ते कायम 1940 पासून सुरू करायचे. शिमल्याला 1888 मध्ये स्पर्धा सुरू झाली, तिथपासून इंग्रजांच्या लष्करी पलटणीच कप नेणार. मग 1940 ला स्पर्धा दिल्लीला आली आणि मोहमेडन स्पोर्टिंगनं रॉयल वॉरविकशायर पलटणीला 2-1 नं हरवलं. भारतीय माणसांच्या बिगरलष्करी टीमनं पहिल्यांदाच ड्युरँड जिंकला. त्या दिवशी मैदानात बसलेल्या कुणाला शेजाऱ्याला विचारावं लागलं असेल का, की ह्यात आपलं कोण? मला आज विचारलं गेलं आणि मी गप्प.

दुसऱ्या हाफला पाचच मिनिटं झाली होती, थोई सिंगनं तिसरा गोल मारला. चिन्मयीनं कात्री खाली ठेवली. "हे निळे हरतायत ते कोण?" मी सांगितलं ते एवढंच, की डायमंड हार्बर, बंगालमधलं हुगळीच्या काठचं गाव आहे, 2022 मध्ये क्लब काढला, पहिल्यांदाच ड्युरँड खेळतायत. गटात मोहन बागानकडून 5-1 असा मार खाल्ला तरी पुढे आले, सेमीफायनलला ईस्ट बंगालला घरी पाठवलं. ती म्हणाली, "मग मी ह्यांची." झालं. मखर तसंच पडलं आणि बाईसाहेब टीव्हीसमोर मांडी घालून बसल्या. अडुसष्टाव्या मिनिटाला लुका मायसेननं एक परत केला तेव्हा जी किंचाळली, की वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. 3-1 म्हणजे अजून दोनच, असा तिचा हिशोब. तिला ड्युरँड माहीत नाही, डायमंड हार्बर नकाशात दाखवता यायचं नाही, पण त्या तेरा मिनिटांत तिच्याइतका फुटबॉल आख्ख्या घरात कुणी बघत नव्हतं. मग नॉर्थईस्टकडून हायरो, मग गायतान, आणि भरपाईच्या वेळेत अजारीची पेनल्टी. सहावा गेला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. जेवताना कुणाशी बोलली नाही.

मला तिचा हेवा वाटला. पोरीला हरता आलं.

नॉर्थईस्टचंही कौतुक करायला हवं. गेल्या वर्षी 2-0 नं मागे पडून मोहन बागानला पेनल्टींवर हरवलं होतं, यंदा कप राखला. 1991 च्या ईस्ट बंगालनंतर कुणालाच ते जमलं नव्हतं. तिन्ही करंडक टेबलावर मांडले होते, ड्युरँड, प्रेसिडेंट्स कप आणि शिमला ट्रॉफी. ते बघायला मी दरवर्षी थांबते, आज थांबले नाही. मन परत तिथंच, आपलं कोण.

आता लिहिता लिहिता आजोबा आठवले. परळच्या चाळीत राहणारा, जन्मात हैदराबाद न बघितलेला माणूस, आणि भक्त कुणाचा, तर हैदराबाद सिटी पोलिसांचा. प्रशिक्षक रहीमसाहेबांच्या त्या पोरांनी 1950 ते 1954 सलग पाच वर्षं रोव्हर्स नेला, मुंबईच्या छाताडावर बसून नेला, आणि आजोबा घरी येऊन "आपण जिंकलो" म्हणायचे, असं आजी सांगायची. बाबांचंही तेच. त्यांच्या काळात रोव्हर्स बहुतेकदा कोलकात्यालाच जायचा. चर्चगेटला उतरून कूपरेजकडे चालताना मी त्यांना विचारायचे, आज आपले कोण? तेव्हा ते म्हणायचे, "थांब, बघूया कोण चांगलं खेळतंय." वीसेक मिनिटं गेली की माझ्या कानाशी वाकून सांगायचे, "लाल-पिवळे आपले." पुढच्या वर्षी हिरवे-लाल. मला तेव्हा वाटायचं त्यांनी आधीच ठरवलेलं असतं आणि मला उगाच ताटकळत ठेवतात.

म्हणजे मुंबईचं कुणी नाही ही रड जुनीच आहे, बाबांच्याही वाट्याला तीच होती. त्यांनी मात्र कधी "असंच बघतोय" म्हटलं नाही. रोव्हर्स गेल्याचं दुःख आहे ते आहेच, कूपरेजवरून टॅक्सीनं जाताना अजूनही मान त्या बाजूला वळते. पण आज सकाळपासून, खरं तर गेली कित्येक वर्षं, मी जे उगाळतेय त्यात शहराचा भाग कमी असावा. पायऱ्यांवर शेजारी कुणी नाही, ते...

जाऊ दे. चिन्मयी झोपायला जाताना दारात थांबून म्हणाली, "आपली पुढची मॅच कधी?" आपली म्हणाली! क्लब आय-लीगमध्ये, म्हणजे दुसऱ्या पायरीच्या लीगमध्ये, वर आलाय एवढं मला ठाऊक आहे. पण सगळ्यात वरची लीग, आयएसएल, जुलैपासून लटकलीय आणि यंदा एकूण लीगचं काय होणार हे कुणीच सांगत नाहीये. तिला म्हटलं, उद्या शोधून सांगते. मखरही अर्धंच राहिलंय, तिला दुपारी मदतीला बसवायचंय. त्याच्या आत तारीख नाही तर निदान त्यांच्या कॅप्टनचं नाव तरी मला माहीत हवं.