तुम्ही विचारलंत म्हणून: मुलाला नेमकं कोणाकडे न्यायचं?

‘एकच नाव सांगा, उगाच दहा ठिकाणी फिरवू नका.’ मूल अभ्यासात मागे पडतंय म्हणून विचारणारे पालक शेवटी या वाक्यावर येतातच. मी नाव सांगत नाही याचा त्यांना राग येतो, हेही मला माहीत आहे. पण ‘वाचत नाही’ ही एकच तक्रार असलेल्या चार मुलांना चार वेगळी माणसं लागू शकतात. विशेष शिक्षिका म्हणून मी एवढंच सांगू शकते, की कोणाची पाळी आधी आणि ते कशावरून ओळखायचं.

आधी डोळे आणि कान. ‘शाळेत तपासलेत’ हे पुरत नाही. तिथला तक्ता लांबचं दिसतं का एवढंच सांगतो, पुस्तक असतं तीस-चाळीस सेंटिमीटरवर. जवळचं बघताना डोळ्यांवर ताण येणारं मूल त्या तक्त्यात सहज पास होतं. डोळ्यात थेंब घालून, बाहुली मोठी करून नंबर काढून घ्या. कानांसाठी ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची चाचणी, आणि सोबत टिम्पॅनोमेट्री, म्हणजे कानाचा पडदा नीट हलतो का याची. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकणं मंदावतं. हाक मारली की ते वळतं, म्हणून घरात कोणाला पत्ता लागत नाही.

न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूविकारतज्ज्ञ, बहुतेकांना लागत नाही. शिकण्यातली अडचण आहे की नाही हे एमआरआयवरून ठरत नाही. मात्र मूल बोलता बोलता काही सेकंद शून्यात बघून थांबत असेल, किंवा पूर्वी येत असलेलं वाचणं-बोलणं जाऊ लागलं असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तिथे जा.

मग घरी एक करा. त्याच्याच इयत्तेच्या पुस्तकातला न वाचलेला उतारा निवडा. एक मिनिट मोठ्याने वाचू द्या, बरोबर वाचलेले शब्द मोजा, अर्थावर दोन-तीन प्रश्न विचारा. तसाच दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि पुन्हा प्रश्न विचारा. ऐकून कळतं पण वाचून कळत नाही, असं असेल तर अडचण अक्षरं उलगडण्यात असण्याची शक्यता जास्त. तिथे विशेष शिक्षक. ऐकूनही कळत नसेल तर प्रश्न भाषेचा असू शकतो, आणि आधी स्पीच थेरपिस्ट. उत्तर तोंडी छान सांगतं पण वहीत दोन ओळींवर थांबतं, तर हात कुठे अडतो ते बघा. पेन्सिलची पकड, दाब, ओळीत न बसणारं अक्षर हे ऑक्युपेशनल थेरपिस्टचं, म्हणजे हातांच्या रोजच्या कामांचा सराव करून घेणाऱ्याचं काम. अक्षर नीट पण शब्द चुकीचे, तर ते पुन्हा आमच्याकडे. यावरून निदान होत नाही, पहिलं दार ठरतं.

‘पण मराठीत तर तो चुकत नाही, नुसता हळू वाचतो.’ हे वाक्य ऐकलं की मी सावध होते. देवनागरीत लिहिलं तसंच बरंचसं वाचलं जातं, त्यामुळे मूल चुकांशिवाय पण रखडत वाचतं आणि सगळ्यांना ते चालून जातं. इंग्रजीत तेच मूल उघडं पडतं, मग ‘इंग्रजी कच्चं आहे’ म्हणून शिकवणी लागते. मोजायचा आहे तो वेग. आणि तपासणी मूल ज्या भाषेत शिकतं त्या भाषेत व्हायला हवी. घरची भाषा वेगळी असेल तर दोन्हींत.

आता मानसशास्त्रज्ञाने चाचण्या घेतल्यावर रिपोर्ट हातात येतो त्या बैठकीबद्दल सविस्तर लिहिते, कारण पुढची काही वर्षं कशी जाणार ते बरंचसं तिथे ठरतं. आईवडील समोर असतात, मूल बाहेर. पहिल्या पानावर बुद्ध्यांक असतो आणि पुढचं काही कानांवर पडत नाही. समजा, भाषिक आकलन ११८, तर्क ११२, कार्यस्मृती ८५ आणि काम उरकण्याचा वेग ७९ आहे. एकत्रित आकडा शंभरच्या आसपास येतो. सरासरी १०० असते, म्हणून ‘बुद्धी नॉर्मल आहे’ असं सांगितलं जातं. घरी पोचेपर्यंत त्याचं ‘म्हणजे करतच नाही, आळस आहे’ असं होतं, आणि मुलाला दुसऱ्या दिवसापासून ओरडा बसतो. वास्तविक त्या चार आकड्यांतलं अंतर हीच सगळी माहिती आहे. मूल समजण्यात पुढे आहे, पण डोक्यात धरून ठेवताना आणि कागदावर उतरवताना त्याची दमछाक होते. इतकी तफावत असली की एकत्रित आकड्यावर भिस्त ठेवू नये.

म्हणून त्या बैठकीतून उठू नका. विचारा: चाचणी कोणत्या भाषेत घेतली? मूल त्या दिवशी कसं होतं, पेंगुळलेलं, घाबरलेलं? वाचन, लेखन, गणित वेगवेगळं तपासलं का, की फक्त बुद्ध्यांक? एकाग्रतेची अडचण सोबत आहे का हे पाहिलं का? सोमवारपासून नेमकं काय शिकवायचं, कोणी, आठवड्यातून किती वेळा? शेवटच्या प्रश्नाला ‘रेमेडियल लावा’ (म्हणजे उपचारात्मक शिकवणी) एवढंच उत्तर मिळालं, तर तो रिपोर्ट अर्धा आहे आणि उरलेला अर्धा मागायचा तुम्हाला हक्क आहे. पण रिपोर्ट बदलावा म्हणून लगेच दुसरीकडे तीच चाचणी करू नका. वर्षाच्या आत सरावाने गुण वाढतात आणि चित्र बिघडतं.

वयाबद्दल माझं स्वतःशीच भांडण आहे. आठ वर्षांआधी ‘लर्निंग डिसॅबिलिटी’चा (अध्ययन अक्षमतेचा) शिक्का नको, असं मी ठामपणे सांगत असे. त्याला कारण होतं: डीएसएम-५ या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१३ च्या निदान-निकषांतही योग्य मदत देऊनसुद्धा अडचण किमान सहा महिने टिकलेली असावी लागते, आणि सहा वर्षांच्या मुलाला मुळात पुरेसं शिकवलेलं नसतं. आजही मला ते पटतं. पण ‘थांबा’ म्हटलं की पालक मदतही थांबवतात, हे मला सहन होत नाही. ‘कमळ’मधून ‘क’ काढला तर काय उरतं, हे पाच-सहा वर्षांच्या मुलाशी खेळता येतं. त्याला प्रमाणपत्र लागत नाही. मग शिक्का कधी? मला अजून एक उत्तर सापडलेलं नाही.

शिकवणारी व्यक्ती निवडताना पदवीइतकंच तिचं वेळापत्रक बघा. आठवड्यातून एकदा तासभर, घरी सराव नाही, याने फारसं काही हलत नाही. तीन ते पाच वेळा, अर्धा-पाऊण तास, आवाज आणि अक्षर यांची सांगड क्रमाने घालून शिकवणं लागतं. दर पंधरा दिवसांनी तसाच एक मिनिटाचा, पण न वाचलेला उतारा, बरोबर वाचलेले शब्द तारखेसह वहीत. आठ-दहा आठवड्यांत तो आकडा वाढलाच नाही, तर पद्धत बदला म्हणून सांगा. शिक्षिका दुखावेल याची चिंता करू नका. मी शिक्षिका आहे म्हणूनच सांगते.

रंगीत काचांचा चष्मा आणि डोळ्यांचे व्यायाम यांनी वाचन सुधारतं असं कोणी म्हणालं, तर उठून या. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच एकत्र निवेदन काढून याला पुरेसा आधार नाही असं सांगितलं आहे. यात पैशापेक्षा मुलाचं वर्ष जातं.

पहिल्या भेटीला जाताना न दुरुस्त केलेल्या वह्या न्या, वर्षाच्या सुरुवातीची एक आणि आत्ताची एक. पहिला शब्द कधी बोललं, कान किती वेळा दुखले, घरात आणखी कोण उशिरा वाचायला लागलं, हे एका कागदावर लिहा. वर्गशिक्षिकेकडून चार ओळी लेखी मागा. आणि निघण्याआधी मुलाला सांगा की कुठे जातोय आणि कशासाठी, ‘सहज चाललोय’ म्हणू नका.