आत्याचा निर्वाहाचा अर्ज : माझा अनुभव

आमची आत्या 74 वर्षांची, तापीकाठच्या एका खेड्यात राहते. मामा, म्हणजे तिचे यजमान, गेल्यावर 2017 ला तिने अडीच एकर जमीन पोराला बक्षीसपत्र करून दिली आणि दोन वर्षांत तिची खाट ओट्यावर आली, जेवण सुनेच्या मर्जीवर, बीपीच्या गोळ्या आणायला तर कुणी तयारच नाही. मी केसचं नाव काढलं की म्हणायची, "मना पोऱ्यावर केस करू का मी? लोके काय म्हनतीन?" यातच वर्ष गेलं.

शेवटी 14567 ला फोन केला, ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, फुकट. त्यांनी आई-वडील आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाच्या 2007 च्या कायद्याचं सांगितलं, अर्ज प्रांत ऑफिसला द्यायचा, वकील लागत नाही. महिन्याला जास्तीत जास्त 10,000 पर्यंत निर्वाह मिळू शकतो. आधार, सातबारा, गोळ्यांच्या चिठ्ठ्या गोळा केल्या. बक्षीसपत्राची झेरॉक्स इतकी पुसट की मोबाईलची बॅटरी लावून वाचत बसलो, आणि दुसऱ्या पानावर सापडलं, "माझा तहहयात सांभाळ करण्याच्या अटीवर". सगळा खेळ या एका ओळीचा, कारण कलम 23 प्रमाणे सांभाळ केला नाही तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. बऱ्याच कागदांत नुसतं "प्रेमापोटी" लिहितात आणि मग भांडत बसावं लागतं, म्हणून कुणी करून देत असेल तर ही ओळ आधी बघा बुवा.

अर्जाच्या निकालाला कायद्यात 90 दिवस म्हटलंय, आम्हाला पाच महिने लागले. एकदा साहेब मीटिंगला, एकदा नोटीसच पोचली नाही. पहिल्या तारखेला पोरगा तोंड फिरवून उभा, आत्या मात्र व्हरांड्यात त्यालाच विचारते, "कापूस काय भाव गया रे?" मी कपाळाला हात लावला!

कलम 23 चं नाव निघाल्यावर तो नरमला. साहेबांनी दोघांना समोरासमोर बसवलं, महिन्याला 4,000 तिच्या खात्यात आणि ओट्याऐवजी आतली खोली असा आदेश झाला. खोली मिळाली. पैसे दोन महिने वेळेवर आले, तिसऱ्याचे नाही. हप्ता थकला तर तीन महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज द्यावा लागतो. मी तो लिहून ठेवलाय, आत्या म्हणते, कापूस विकाऊ दे त्याला आधी.