तुम्ही विचारलंत म्हणून: पूर आला तर विम्याचे पैसे खरंच देतात का?

जून लागला की हा प्रश्न सुरू होतो. भाजी घेताना, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या वहिनींकडून, आणि आता व्हॉट्सॲपवर तर रात्री अकराला सुद्धा. "ताई, तुम्ही विम्याचं बघता ना, खरं सांगा, पूर आला तर पैसे देतात का?" मी चिपळुणात अठरा वर्षं हे काम करतेय. आयुर्विमा नाही, गाडी, दुकान, गोडाऊन, घर यांचा विमा. प्रत्येकाला उभ्या उभ्या अर्धवट उत्तर दिलं जातं आणि नंतर मलाच ते टोचत राहतं, म्हणून एकदा बसून सगळं लिहितेय.

देतात. पण कागदावर जे लिहिलंय त्याचेच देतात, आणि आपल्या कोकणात कागद आणि घर यांचा मेळ बसत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पण ते नीट सांगायला मला २२ जुलै २०२१ ला जावं लागेल.

त्या दिवशी वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्ही बाजारपेठेत शिरल्या. आमच्याकडे बऱ्याच दुकानदारांनी २००५ च्या पुराची खूण भिंतीवर करून ठेवलेली होती, पाणी वाढायला लागलं की माल त्या खुणेच्या वर पोटमाळ्यावर चढवायचा हे ठरलेलं. यावेळी पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. माझ्या ओळखीचे एक काका, कापडाचं दुकान, गणपतीसाठी माल भरलेला, साधारण वीस लाखांचा. बारा लाखांचा माल चिखलात गेला. काका मला म्हणाले, जाऊदे गं, दहा लाखांचा विमा आहे, दहा तर येतील, दोनाचं बघू.

आले सहाच्याही आत. कारण तो विमा बँकेने काढलेला होता, कॅश क्रेडिटची, म्हणजे मालावर मिळणाऱ्या कर्जाची, लिमिट दहा लाख म्हणून पॉलिसी दहा लाखांची. कंपनीतर्फे नुकसान मोजायला आलेल्या सर्व्हेअरने हिशोब केला की वीस लाखांच्या मालाला दहाचं संरक्षण म्हणजे निम्मं, म्हणून नुकसानही निम्मंच द्यायचं, बाराचे सहा, त्यातून पॉलिसीतली ठरलेली कपात वजा. याला अंडरइन्शुरन्स म्हणतात, आणि यात कंपनीने काकांना फसवलं असं मी म्हणणार नाही, नियम तसाच आहे. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या धंद्यांसाठी ज्या स्टँडर्ड पॉलिसी आल्या, भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि भारत लघु उद्यम सुरक्षा, त्यात १५ टक्क्यांपर्यंतची तफावत माफ आहे, पण काकांची तफावत पन्नास टक्के होती. काकांच्या गाडीचा विमा दरवर्षी माझ्याकडे. दरवर्षी मी त्या दुकानात बसून चहा प्यायलेय, वर कापडाच्या थप्प्या बघितल्यात, आणि एकदाही विचारलं नाही की काका, मालाचा विमा कितीचा आहे हो? त्याचं वाईट मला अजून वाटतं.

दुसरं एक प्रकरण पत्त्याचं. दुकान समोरच्या गाळ्यात हलवलेलं, पॉलिसीवर जुना गाळा. कंपनीने, नाव घेत नाही, सरळ क्लेम नाकारला. मग आम्ही आधी कंपनीच्याच तक्रार विभागाला लिहिलं आणि तिथे काही झालं नाही तेव्हा विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेलो. ही व्यवस्था लोकांना माहीतच नाही. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचं काम पुण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे आहे, फी नाही, वकील लागत नाही, कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा. पूर्ण नाही पण बऱ्यापैकी रक्कम मिळाली. दहा ओळींचं पत्र वेळेत दिलं असतं, की बाबा गाळा बदललाय, तर हे काहीच करावं लागलं नसतं.

आणि पुरावा. पाणी उतरलं तेव्हा फोनला रेंज नाही, लाईट नाही, सगळीकडे कुबट वास, प्रत्येकजण फावडं घेऊन चिखल काढतोय आणि भिजलेला माल रस्त्यावर टाकतोय, नगरपालिकेच्या गाड्या तो उचलून नेतायत. सर्व्हेअर आले आठ-दहा दिवसांनी, कोल्हापूर-पुण्याहून, एकेकाकडे ढीगभर केस. त्यांनी विचारलं माल कुठाय. माल डंपिंगला गेला होता. वह्या-बिलं लगद्यासारखी झालेली. तेव्हा ज्यांचं तरलं ते जीएसटीमुळे, खरेदीची नोंद पोर्टलवर होती, त्यावरून साठा किती असणार ते मांडता आलं. ज्यांचा धंदा रोखीत आणि बिनबिलाचा होता त्यांना मी कितीही धावपळ केली तरी काही मिळवून देऊ शकले नाही. म्हणून मी आता सगळ्यांना सांगते की मे महिन्यात दुकानाचा, घराचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, सावकाश, कपाटं उघडून, आणि पुण्या-मुंबईच्या कुणालातरी पाठवून ठेवा. आणि पूर आल्यावर चिखल काढायच्या आधी फोटो. नंतर नाही.

गाडीचं थोडक्यात सांगते. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे पण त्यात तुमच्या स्वतःच्या गाडीचं काहीच येत नाही. फुल विमा असेल तर पुराचं नुकसान येतं, पण पाण्यात उभी असलेली गाडी चालू करून बघितलीत आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं तर साध्या पॉलिसीत ते इंजिन येत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. गाडी बुडाली तर चावी फिरवू नका, टो करा.

आता घर. इथे मला जास्त बोलायचंय.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरुडच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि त्याचा तडाखा आमच्या दापोलीपर्यंत बसला. माझ्या मावशीचं केळशीचं घर, चिऱ्याच्या भिंती, फणसाचे वासे, कौलारू. अर्धं छप्पर उडालं. कौलं मिळेनात, पत्रे मिळेनात, मिळाले तर दुप्पट भाव. वाडीत सुपारी-नारळ आडवे. सरकारने बागायतीची मदत हेक्टरी २५,००० वरून ५०,००० केली, ते चांगलंच झालं, पण मावशीची वाडी दहा गुंठ्यांची, म्हणजे ५,००० होतात बघा. आणि एक सुपारीचं झाड धरायला लागायला किती वर्षं जातात ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको.

घराचा विमा नव्हता. आणि तो मावशीला नको होता म्हणून नव्हे. आदल्याच वर्षी मी तिचा फॉर्म भरायला घेतलेला. घरपट्टी तिच्या आजेसासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन चाळीस वर्षं झाली. सातबाऱ्यावर नऊ नावं, त्यातली चार मुंबईत, एक बडोद्याला, दोन हयात नाहीत. ऑफिसातून विचारलं मालक कोण? मावशी म्हणाली, मी इथे पन्नास वर्षं राहते, झाडते, सारवते, कौलं परतते, अजून मालक कोण म्हणजे काय? तिचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं, पण विमा द्यायला त्या वस्तूत तुमचं आर्थिक हित आहे हे कागदाने दाखवावं लागतं, आणि तो फॉर्म तसाच फाईलमध्ये राहिला. वर्षभरात वादळ आलं, त्याच्या पुढच्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ.

कोकणात अशी घरं किती असतील? प्रत्येक वाडीत आहेत. भाऊबंदांची सामाईक, अर्धी बंद, चाकरमानी गणपतीला आणि मेमध्ये येणार. विमा कंपन्यांचे फॉर्म शहरातल्या फ्लॅटसाठी बनवलेले वाटतात, एक मालक, एक ॲग्रीमेंट, एक पत्ता. आमच्या घराला त्यात जागाच नाही. आपल्या देशात जीवन विमा सोडून बाकी सगळ्या विम्याचा प्रीमियम मिळून देशाच्या उत्पन्नाच्या फक्त १ टक्क्याच्या आसपास आहे, त्यातही मोठा भाग गाड्यांचा आणि आरोग्याचा. घराचा विमा लोक काढत नाहीत म्हणून तज्ज्ञ लोक जागरूकतेचं बोलतात. मला नाही पटत. मावशी जागरूक होती.

ज्यांचे कागद नीट आहेत त्यांना मी भारत गृह रक्षा घ्यायला लावते, ही पण २०२१ चीच स्टँडर्ड पॉलिसी आणि सगळ्या कंपन्यांकडे मूळ शब्द तेच. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दरड, सगळं त्यात आहे. जमिनीची किंमत धरत नाहीत, कार्पेट एरिया गुणिले आजचा बांधकामाचा दर, तेवढी रक्कम. सामानासाठी घराच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप धरतात. काकांच्या दुकानाला लागला तो निम्म्याचा हिशोब घराच्या पॉलिसीत लावत नाहीत, ही फार मोठी गोष्ट आहे. गडगा, गेट, संरक्षक भिंत हे पण फॉर्मवर लिहिलंत तर येतं. प्रीमियम बहुतेक वेळा गाडीच्या प्रीमियमपेक्षा कमीच असतो.

पण काय येत नाही तेही ऐका. झाडं येत नाहीत. साधी घरफोडी येत नाही, पूर-वादळानंतर सात दिवसांत त्या गोंधळात झालेली चोरी तेवढी येते, बाकी चोरीसाठी वेगळी पॉलिसी. घर बंद असतं तर ते फॉर्मवर लिहा आणि किती दिवस बंद चालेल ते कंपनीकडून लेखी घ्या, तोंडी नको, माझ्याकडून सुद्धा तोंडी नको. आणि किनाऱ्यावरच्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे समुद्राची किंवा नदीची धूप येत नाही. रत्नागिरीजवळ मिऱ्याला उधाणात समुद्र काय करतो ते आपण बघतोय. वादळाच्या लाटेने भिंत पडली तर क्लेम, पण दहा वर्षं थोडी थोडी जमीन खात खात समुद्र जोत्यापर्यंत आला आणि मग भिंत पडली तर क्लेम नाही. कुठलं कुठे संपतं आणि कुठलं सुरू होतं हे एका पावसाळ्यात तपासायला आलेला माणूस कसं ठरवणार, हा वाद मला पुढच्या दहा वर्षांत फार वाढताना दिसतोय.

तुमच्यातले काही जण विचारतात की या कंपन्या टिकतील का, परदेशात तर पळतायत. खरंय, कॅलिफोर्नियात मे २०२३ मध्ये स्टेट फार्म या विमा कंपनीने नवीन घरांचे विमे घेणं थांबवलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला ती भयंकर आग लागली. आपल्याकडे अजून कुणी कोकण नको असं म्हटलेलं नाही. पण विमा कंपन्या स्वतःचाही विमा काढतात, पुनर्विमा, आणि जगात कुठेही मोठी आपत्ती आली की तो महाग होतो आणि त्याची झळ फिरून आपल्यापर्यंत येते. चार सरकारी जनरल कंपन्यांपैकी तिघींची आर्थिक ताकद, म्हणजे देणी भागवायची क्षमता दाखवणारा सॉल्व्हन्सी रेशो, गेली काही वर्षं नियमाने लागते त्या १.५ च्या पातळीखाली आहे, सरकारने पैसे ओतून सुद्धा. आणि ऑफिसं कमी होतायत, क्लेमचं काम मोठ्या शहरात, ज्या साहेबाने वाशिष्ठी कधी बघितली नाही तो ईमेलवर आम्हाला विचारतो की पहिल्या मजल्यावर पाणी कसं गेलं.

जीएसटीचंही मला बोलायचंच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावरचा कर शून्य झाला, खूप बरं झालं. घराच्या विम्यावर मात्र १८ टक्के तसाच. दरडीखाली, पुराच्या काठाला राहणाऱ्या माणसाने स्वतःच्या खर्चाने घर सुरक्षित करायचं म्हटलं तर त्यावर कर का? महाड तालुक्यातल्या तळीयेची दरड कोसळली ती २०२१ च्या त्याच २२ जुलैला, ती वाडी आठवली की माझा जीव तुटतो.

माझ्या मनातलं सांगू? आपल्या आंबेवाल्यांना हवामान आधारित फळपीक विमा माहीत आहे, महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर तापमान, पाऊस ठरलेल्या आकड्याबाहेर गेला की भरपाई, झाड बघायला कुणी येत नाही. त्यातही भांडणं आहेत, केंद्र लांब असतं, आकडे पटत नाहीत, पण मालक कोण हे विचारत पूर्ण वर्ष जात नाही. नागालँड सरकारने पूर्ण राज्यासाठी पावसाच्या आकड्यावर चालणारा असा विमा घेतलाय. तसा चिपळूण, महाड, खेड, दापोली, श्रीवर्धनसाठी का नको? वाशिष्ठीने अमुक पातळी ओलांडली की आठ दिवसांत प्रत्येक घराच्या खात्यात ठरलेली रक्कम, राहतो त्याला. बाकीचा तपशीलवार क्लेम मग सावकाश चालू दे.

तोपर्यंत कागद करायला लागलेय. गेल्या गणपतीत मावशीकडे सगळे जमले होते, बडोद्याचे सुद्धा. आरती झाल्यावर मी विषय काढला, थोडी कुरबुर झाली, मग पाच जणांनी तिथेच संमतीपत्रावर सह्या केल्या. दोन वारस नोंदी तलाठ्याकडे पडून आहेत. मावसभावाने टेप धरून माजघर, पडवी, ओटी मोजली, मी वहीत लिहून घेतलं. मावशी दारात उभी राहून सांगत होती, गोठा पण मोज, गोठ्याचं छप्पर पण उडालं होतं.