‘राव’पायी गेलेला मार्च

आधी एकच सांगते, मग बाकीचं. वडिलांच्या नावावरची जमीन वारसांच्या नावावर करायची असेल तर तहसीलची पायरी चढण्याआधी खसरा (म्हणजे महाराष्ट्रातल्या सातबारासारखा जमिनीचा उतारा), मृत्यूचा दाखला आणि आधार हे तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवा आणि गेलेल्या माणसाचं नाव बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचा. मी वाचलं नव्हतं. म्हणजे वाचलं होतं, पण आपल्याच बाबांचं नाव आपण काय वाचणार, नजर फिरवली नि पुढे गेले.

बाबा गेल्या श्रावणात गेले. इंदूरपासून तासाभरावर गावाला साडेतीन बिघे शेत आणि त्यातच कौलारू घर, रहायला कुणी नाही पण आईचा जीव तिथेच. दादा पुण्याला, ताई बडोद्याला, मी इंदूरला, त्यामुळे ‘तू तिथेच आहेस ना, तू बघ’ हे वाक्य माझ्या वाट्याला आलं. इकडे त्याला फौती नामांतरण म्हणतात. अर्ज लोकसेवा केंद्रातून १७ फेब्रुवारीला टाकला, मृत्यूचा दाखला, खसरा, बी-१ म्हणजे खातेदाराच्या नावाचा खातेउतारा, सगळ्या वारसांचे आधार, शपथपत्र, हे सगळं एका सकाळी झालं, पावती हातात, नंबर मोबाइलवर. त्यानंतर इश्तिहार निघतो, कुणाला आक्षेप असेल तर १५ दिवसांत सांगा म्हणून. कुणाचाच नव्हता. मी दादाला ऐटीत फोन केला की उगाच लोक तहसीलला नावं ठेवतात.

पेशी म्हणजे बयानाची तारीख मिळाली २० मार्च, गुरुवार. मला वाटलं सोन्याहून पिवळं. रंगपंचमी १९ ला, दादाची पोरं कधीपासून राजवाड्याची गेर, म्हणजे रंगपंचमीची रंग उधळत जाणारी मिरवणूक, बघायची म्हणून मागे लागलेली, म्हणजे सगळे धुळवडीनंतर येतील, गेर बघतील, दुसऱ्या दिवशी सह्या करतील, मग गावी, मग महेश्वर, पाडव्याची गुढी गावच्या घरावर आणि परत. दादाने ३१ मार्चचं परतीचं तिकीट काढलं, ईदची सुट्टी होती म्हणून. कागदावर सगळं छान बसलं.

गेर झकास झाली. ओळखीच्यांच्या गच्चीवर जागा मिळाली होती, टँकरमधून पाण्याचे फवारे आणि गुलाल तिसऱ्या मजल्याच्या वर, पोरांचे फक्त दात पांढरे दिसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कानामागे हिरवा रंग तसाच घेऊन आम्ही सहाजण तहसीलला.

साडेदहाला पोचलो, साहेब दौऱ्यावर. बारा वाजता रीडरच्या टेबलापाशी गर्दी. रीडर म्हणजे साहेबांसमोर फाइल ठेवणारा माणूस, खरी सत्ता त्याच्याकडे. आईला बसायला खुर्ची नव्हती, ताईने व्हरांड्यातल्या झेरॉक्सवाल्याकडून स्टूल मागून आणलं. पावणेतीनला आमचा पुकारा झाला. रीडरने फाइल उलटसुलट केली, दोन कागद शेजारी धरले आणि म्हणाला, “मॅडम, ये तो दो अलग आदमी हैं।”

मला कळेचना. त्याने पेन टेकवलं. खसऱ्यात बाबांच्या नावापुढे राव. वल्द म्हणून आजोबांचं नाव, त्यांनाही राव. मृत्यूच्या दाखल्यात आणि आधारवर नुसतं नाव, राव नाही. संपलं. “खातेदार कोई राव साहब हैं, मरे कोई और हैं।”

आता हे राव आलं कुठून तर आजोबा होळकर सरकारात कारकून, तेव्हा सगळ्यांनाच राव लागायचं, १९४८ ला संस्थान मध्य भारतात गेलं, आजोबांची नोकरी तिकडे वर्ग झाली, राव मात्र जमिनीच्या कागदाला चिकटून बसलं ते आजतागायत. माळव्यातल्या निम्म्या मराठी घरांची हीच गत असेल. हे मी त्याला हिंदीत समजावायचा प्रयत्न केला, आदराने लावतात, जसं तुमच्याकडे जी लावतात. तो म्हणाला, “जी तो खसरे में नहीं लिखते ना।” बरोबरच होतं त्याचं, म्हणून तर जास्त राग आला.

मग काय लागेल? एक म्हणाला शपथपत्र, दुसरा म्हणाला पंचायतीचं प्रमाणपत्र, तिसरा, जो नक्की कोण होता मला अजून माहीत नाही पण चहा त्याच्याच टेबलावर यायचा, तो म्हणाला आधी मृत्यूचा दाखलाच दुरुस्त करून आणा. मेलेल्या माणसाच्या दाखल्यात राव घालायचं! आई इतका वेळ गप्प होती, ती एकदम मराठीतच म्हणाली, “अहो, मी त्यांची बायको समोर उभी आहे ना.” रीडरला शब्द कळले नसतील पण तो जरा वरमला, पाणी मागवलं. तारीख मात्र दिली २ एप्रिल. मी म्हटलं भैया, भाऊ पुण्याहून आलाय, ३१ ला परत जायचंय, पाडव्याच्या आधीची द्या. तो म्हणे चैत तो लग गया. म्हटलं तुमचा पौर्णिमेनंतर लागला, आमचा अजून फाल्गुन आहे, पाडव्याला लागेल. ह्या पंचांगाच्या घोळात मागचा माणूस हसला, रीडरपण हसला आणि २८ मार्च, शुक्रवार लिहून दिला. भांडून जे झालं नसतं ते त्या हसण्याने झालं. तरी मी गाडीत बसल्यावर रडले, खोटं का बोलू. दादा म्हणत होता, तू आधीच बघायला हवं होतंस. पुण्याहून बघायला काय झालं होतं त्याला.

मध्ये आठ दिवस होते. गावी गेलो. गहू पिवळाधमक उभा, शेजारच्या शेतात हार्वेस्टर घरघरत होतं, कुंपणाजवळच्या पळसाखाली पाकळ्यांचा सडा. पोरं घरात थांबतच नव्हती. कुणीतरी उशिराच्या हरभऱ्याचे छोड उपटून दिले, त्याचा हुळा भाजला, सगळ्यांची तोंडं काळी. ताईने गोवऱ्यांवर बाफले लावले, अर्धे करपले, तरी तूप-वरणात बुडवून सगळे संपले.

आणि मी? मी पेटी उचकत बसले होते. बाबांची पत्र्याची पेटी, आत डांबराच्या गोळ्यांचा वास, वीजबिलं, खताच्या पावत्या रबरबँड लावून, रबरबँड हात लावताच तुटत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत जुनी रजिस्ट्री सापडली, शेजारची चिंचोळी पट्टी बाबांनी विकत घेतली होती त्याची. त्यात नाव रावसकट, वडिलांचं नाव रावसकट, पत्ता आमच्या इंदूरच्या घराचा, आणि खाली बाबांची सही. तीच सही, शेवटच्या अक्षराची शेपटी उलटी वळवलेली, जी पॅनकार्डावर आहे, आणि पॅनकार्डावर राव नाही. एक माणूस, एक सही, दोन्ही नावं. मी अंगणात ओरडत गेले, सगळ्यांना वाटलं विंचू निघाला.

म्हणून सांगते, जुन्या रजिस्ट्र्या, सोसायटीच्या कर्जाचे कागद, शाळेचा दाखला, काही फेकू नका, आणि शोधायला पेशीच्या नंतर नाही, आधी बसा.

त्याबरोबर दोन साक्षीदार लागले, गावातले, बाबांना ओळखणारे. शेजारचे पटेल बा, वय ऐंशीच्या पुढे, ते कापणी सोडून यायला तयार, फक्त एक अट, गाडीत एसी लावायचा नाही. पंचायतीच्या सचिवांना गाठायला दोन फेऱ्या, कारण मार्च एंडिंग. तहसीलबाहेरच्या टायपिस्टकडून ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असं शपथपत्र हिंदीत करून घेतलं, नोटरी केली. टायपिंगमध्ये त्याने एका जागी राव विसरला होता, बरं झालं ताईने वाचलं. आता आमच्यात सगळेच सगळं वाचतात.

हां, आठवलं, हे खरं तर आधी सांगायचं होतं. पटवारी, म्हणजे इकडचा तलाठी, पंचनामा करतो त्यात वंशावळ असते, ती सही करण्याआधी वाचा. आमच्याकडच्या पहिल्या मसुद्यात आई आणि दादा, बस. आम्ही दोघी बहिणी गायब. विचारलं तर म्हणे, “दीदी लोग तो हक छोड़ ही देती हैं।” कुणी सांगितलं? हकत्याग करायचा की नाही ते आम्ही ठरवू, पण वारस म्हणून नाव आधी लागलं पाहिजे, मुलींना मुलाइतकाच वाटा आहे. त्याने कुरकुरत दुसरा कागद केला. दादा तेव्हा फोनवर होता, तोच म्हणाला, दोघींची नावं नसतील तर मी सही करणार नाही. तेवढ्यापुरतं त्याला माफ.

२८ ला सगळं पंधरा मिनिटांत. खरंच. साहेबांनी रजिस्ट्री बघितली, पॅनकार्ड बघितलं, पटेल बांना विचारलं, यांना ओळखता? बा म्हणाले, “रावसाब ई केता था सगला।” गावात सगळे त्यांना रावसाहेबच म्हणायचे. झालं. चौघांचे बयान, सह्या, आईचा अंगठा नाही, सही, तिने मुद्दाम सावकाश मराठी वळणाची पूर्ण सही केली.

महेश्वरचं काय सांगू, ते आधीच २३ ला उरकलं होतं. जाम गेटवर थांबून फोटो, घाटावर नर्मदेत पाय, किल्ल्यात अहिल्याबाईंची गादी, त्यांच्या जन्माचं ३०० वं वर्ष म्हणून गर्दी. पोरांना नाव फार आवडली. माझ्या डोक्यात पूर्णवेळ राव. घाटावर बसून मी दादाला विचारत होते की पॅनकार्डची झेरॉक्स रंगीत काढू का साधी. पाडव्याला मात्र गावच्या घरावर गुढी उभारली, बाबांच्या धोतराच्या काठीला, आईने कडुनिंब गुळात वाटला, आणि त्या दिवशी मी तहसील हा शब्द उच्चारला नाही.

मध्य प्रदेशची १९५९ ची भू-राजस्व संहिता आहे, तिच्यात वाद नसलेल्या नामांतरणाला ३० दिवसांची मुदत आहे. हे मला १८१ वर, म्हणजे मुख्यमंत्र्यांच्या तक्रार हेल्पलाइनवर, फोन लावायच्या दिवशी कळलं, म्हणजे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. तक्रार नोंदवली. तिचा परिणाम की योगायोग माहीत नाही, १७ एप्रिलला आदेश झाला. ५९ दिवस. आदेश झाला म्हणजे खसऱ्यात नाव चढलं असं नाही हां, रेकॉर्डात अमल व्हावा लागतो, तेव्हा थांबा, मगच नवीन बी-१ काढा.

मी काढला. चार नावं. आई, दादा, ताई, मी. वडिलांच्या रकान्यात बाबा, रावसकट. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं, आणि बोट दुसऱ्या ओळीवर थांबलं. ऑपरेटरने दादाच्या नावापुढेही राव लावलाय. त्याच्या आधारवर, पॅनवर, पासपोर्टवर, कुठेच राव नाही. ताईला फोटो पाठवला तर ती दहा मिनिटं हसत होती. दादा हसला नाही. दुरुस्तीचा अर्ज टाकलाय, पेशी ९ मे.