मीटर फास्ट पळतंय का?

एप्रिलचं बिल आलं की नागपुरात महालापासून मानेवाड्यापर्यंत, वायरिंगच्या कामाला जाईन तिथे, एकच प्रश्न येतो: "दादा, आमचं मीटर फास्ट तर नाही झालं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. शंका असेल तर अर्ज देऊन मीटर तपासून घ्या. पण त्याआधी एक संध्याकाळ त्याच्यासमोर उभे राहा. तो लाल दिवा लुकलुकतो ना, एका युनिटला किती वेळा, ते मीटरवरच छापलेलं असतं. ३२०० असेल तर ७५ वॅटचा पंखा एकटा चालू असताना मिनिटाला ४ वेळा. २०० वॅटचा कूलर १०-११. दीड टनाचा साधा एसी, कॉम्प्रेसर सुरू असताना, ८०च्या आसपास. २००० वॅटचा गीझर शंभराच्या वर. घरातलं सगळं बंद करून एकेक वस्तू लावा आणि मुलांना मोजायला बसवा, त्यांना फार आवडतं. सगळं बंद असूनही दिवा लुकलुकत असेल तर सेटटॉप बॉक्स, इन्व्हर्टर बघा. तेही बंद असतील तर वायरिंग तपासायलाच हवी.

वस्तू का चालू आहे, हे मात्र घरात बसूनच कळतं. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी, म्हणून कूलर इतका छान चालतो: ताटीतलं, म्हणजे कूलरच्या गवताच्या पडद्यातलं, पाणी उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. पण ती ओली हवा बाहेर जायला वाट पाहिजे. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, लू (उन्हाची गरम झळ) लागेल म्हणून आजी समोरची खिडकी लावून घेते. तिची भीती खरी आहे. पण मग खोली दमट होते, अंग चिकचिकतं, 'कूलर काही कामाचा नाही' म्हणत नातू एसी लावतो आणि कूलर तसाच चालू राहतो. आता एसीला ती ओलही काढावी लागते.

त्यात आकडा १८ वर. साध्या एसीत त्याने खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर फक्त जास्त वेळ चालतो. २०२० पासूनचे स्टार लेबलवाले नवे एसी २४ वर सुरू होतात. तिथेच राहू द्या आणि सोबत पंखा लावा.

स्मार्ट मीटर असेल तर वापर मोबाइलवर दिसतो. तो दाखवून आजीला जाब विचारू नका. दुपारी दोन वाजता तिला काय त्रास होत होता, ते विचारा. मग कोणत्या खिडकीवर हिरवी जाळी बांधायची आणि कोणती चार बोटं उघडी ठेवायची, हे तिच्याशी बोलूनच ठरवा.