पाटीवर नाव नको

"माझं आधार, लायसन, फोटो, पोलीस व्हेरिफिकेशन, सगळी कुंडली आठ दिवस आधीच पाहुण्याच्या सुरक्षावाल्यांकडे. आणि मला पाहुण्याचं आडनावसुद्धा ठाऊक नाही!" आज पहाटे पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या पार्किंगमध्ये आमच्या भाड्याच्या गाडीचे ड्रायव्हर काका हसत म्हणाले.

पाहुणा बडा होता. नावाची पाटी धरायची नाही, फक्त कोड. मागे एक जादा गाडी. सेनापती बापट रस्त्यापर्यंत दोन मार्ग ठरलेले: एक येरवड्यावरून, दुसरा विश्रांतवाडी-खडकीवरून. कुठला घ्यायचा, ते पाहुणा बसल्यावर कळणार. यात गैर काहीच नाही. हवाई दलाचा तळ आहे, टर्मिनलसमोर गाडी रेंगाळू देत नाहीत. आधी ठरवावंच लागतं.

पण काकांचे डोळे लालभडक. रात्री मुंबई ड्रॉप करून एक वाजता परतले होते म्हणे. डॅशबोर्डवर विक्सची डबी. डुलकी आली की पापणीखाली बोट फिरवायचं!

सुरक्षावाल्यांनी आमच्याकडून भलामोठा फॉर्म भरून घेतला होता. टायर किती जुने, तेही विचारलं होतं. ड्रायव्हर शेवटचा कधी झोपला, हा रकानाच नव्हता.

मागच्या गाडीचा पोरगा पुढे घेतला, त्याचेही कागद झालेले होते. काकांना म्हटलं, सीट मागे करा आणि झोपा. त्यांचं तोंड उतरलं. भत्ता तुमचाच, असं दोनदा सांगितलं तेव्हा कुठे आडवे झाले.

तुम्ही पहाटेची गाडी बुक करता तेव्हा हे विचारता का हो कधी?